ओला टॉवेल : पास की नापास

३ मार्च, सोमवार

आज गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत मी जवळजवळ सगळ्यांना नापास केलं. एक बाई तेवढी पास झाली. तिला इतका आनंद झाला की मैदानातून बाहेर पडताना कडेचा शंकू उडवून गेली. दिलेला शेरा मागे घेता येत नाही. नाहीतर घेतला असता.

घरी आले तर टेबलावर एक चपटं, चौकोनी पार्सल. वर लेकीचं अक्षर. हे त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. उघडायची हिंमत नाही आणि सोडवतही नाही. शेवटी मीच उघडलं. आत गाण्यांच्या दोन मोठ्या तबकड्या. बँडचं नाव ‘ओला टॉवेल’. अल्बमचं नाव ‘चुकीचा मजला’. मुखपृष्ठावर एका लिफ्टमध्ये पाच जण उभे आणि अंगावर फक्त टॉवेल! डावीकडून दुसरा तो. माझ्या लेकीने पसंत केलेला. ड्रम बडवतो. म्हणजे नोकरी सांभाळून वगैरे नाही. तेवढंच करतो.

मागच्या वर्षी मी एवढंच विचारलं होतं, “ड्रम हा काय धंदा झाला?” तेव्हापासून लेक घरी आलेली नाही. प्रश्न मला अजूनही रास्तच वाटतो.

संध्याकाळी तिचा फोन आला. “आई, मेमध्ये आम्ही लग्न नोंदवतोय. त्याला भेटायचं नसेल तर नको भेटूस. पण एकदा हे सगळं नीट ऐक. मग मला तुझं खरं मत सांग. आणि लग्नाला यायचं की नाही ते ऐकल्यावर ठरव.”

मी म्हटलं, “ऐकेन. पण खोटं बोलणार नाही.”

“तू कधी बोललीस?” ती म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही.

४ मार्च, मंगळवार

अजून ऐकलं नाही. मुखपृष्ठाला खाकी कागदाचं कव्हर घातलं. कोपरे दुमडून, पुढून मागून, शाळेच्या पुस्तकांना घालायचे तसं. पाच टॉवेलवाले पुरुष समोर ठेवून मला विचार करता येत नाही. वर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि नाव लिहिलं. आता कसं सभ्य दिसतं.

हे म्हणाले, “अगं, गाणी ऐकायचीत की पाठ करायचीत?”

६ मार्च, गुरुवार

सुरुवात केली.

आमचा रेकॉर्ड प्लेअर ह्यांचा, लग्नाआधीपासूनचा. माझ्यावरही ह्यांचं इतकं लक्ष नसतं. सुई ह्यांनी ठेवली. मी खुर्ची ओढून समोर बसले, पेन घेऊन, परीक्षेला बसते तशी. म्हणजे परीक्षा घ्यायला.

पहिलं गाणं ‘लिफ्ट बंद आहे’. हेच म्हणे सगळीकडे गाजतंय. मी वर्षभर मुद्दाम कान बंद ठेवलेत. दुकानात लागलं की दुकान बदलते, टीव्हीवर लागलं की खोली बदलते. त्यामुळे कोरी पाटी. परीक्षक असाच असावा.

तर सांगायचं म्हणजे — धक्का बसला. मला वाटलं होतं धांगडधिंगा असेल. तसं काहीच नाही! गायकाचा आवाज भरदार, खोल. वयस्कर माणूस असावा. प्रत्येक शब्द तोलून मापून. ‘लिफ्ट बंद आहे, जिना काय वाईट’ एवढी ओळ म्हणायला तो इतका वेळ घेतो की माणूस खरोखरच दोन मजले चढून जाईल. आणि ड्रम! एक ठोका. मग विचार. मग दुसरा ठोका. कुठे घाई नाही.

शेरा राखून ठेवला. एका फेरीत मी कुणालाच पास करत नाही.

७ मार्च, शुक्रवार

ऑफिसात खिडकी क्रमांक दोनवरचा कारकून डबा खाताना तेच गाणं गुणगुणत होता. मी ऐकलंय म्हटल्यावर आ वासून बघत राहिला.

“मॅडम, तुम्ही? कसं वाटलं?”

“संयमी,” मी म्हटलं.

त्याने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, “मी तर त्याच्यावर पळतो. जिममध्ये. पट्ट्यावर.”

हा माणूस पळतो की रांगतो?

९ मार्च, रविवार

दोन्ही तबकड्या, चारही बाजू. हे मध्ये मध्ये चहा ठेवायला उठत होते. माझ्याकडे बघायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मग चहाच आणायचे.

दुसऱ्या तबकडीवर ‘पाणी गेलं’ नावाचं गाणं आहे. विषय साधा आहे. एक माणूस अंगाला साबण लावून नळाखाली उभा आहे आणि पाणी गेलंय. तो हाक मारतो आणि घरात कुणी नाही. ‘कुणी आहे का, कुणी आहे का’ असं दोघे आळीपाळीने म्हणतात. मुख्य गायक, आणि मागे दुसरा एक जाडजूड आवाजाचा गृहस्थ. मला तो दुसराच जास्त आवडला. समजूतदार वाटतो.

तिसऱ्यांदा ‘कुणी आहे का’ आलं आणि मला रडू फुटलं. साबण लावलेल्या माणसासाठी! लेकीची खोली वर्षभर बंद आहे. आम्ही तिथे इस्त्रीचे कपडे ठेवतो. मला तिची फार आठवण येते. हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ह्यांनी काही न विचारता रुमाल दिला. तो इस्त्रीचा होता.

१० मार्च, सोमवार

चढावरच्या परीक्षेत आज कुणाचीच गाडी मागे गेली नाही. चांगला दिवस.

१२ मार्च, बुधवार

मत लिहून काढलं. लेकीला फोनवर सांगायचा विचार होता, पण फोनवर मी अर्ध्यातच ओरडते, हा अनुभव. म्हणून लेकीने ज्या दुकानातून तबकड्या घेतल्या त्याच्या साइटवर ‘ग्राहकांचे मत’ असा रकाना आहे तिथे टाकलं आणि लेकीला कळवलं की जाऊन वाच. नाव दिलं ‘एक परीक्षक’. लिहिलं ते असं —

“सध्याच्या गाण्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. पण या अल्बमने मला विचार करायला लावला. इथे कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही. गायक वळणाच्या आधी वेग कमी करतो. कडव्यातून ध्रुवपदाकडे येताना पुरेसं अंतर ठेवतो. हे फार थोड्यांना जमतं. विशेष उल्लेख ड्रमवाल्याचा. माझ्या कामात मी रोज बेशिस्त हातपाय बघते. या मुलाने अख्ख्या अल्बममध्ये एकही ठोका गरजेपेक्षा जास्त दिलेला नाही, एकही लवकर नाही, एकही उशिरा नाही. असा माणूस आयुष्यात अडखळणार नाही. नाचण्यासाठी मात्र हा अल्बम योग्य नाही. झोप न येणाऱ्यांनी अवश्य घ्यावा. पाचपैकी चार तारे. एक तारा मुखपृष्ठासाठी कापला आहे.”

हे वाचून ह्यांना ठसका लागला. पाणी दिलं.

१३ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

“आई, तू हे मनापासून लिहिलंयस?”

“मी मनापासून लिहीत नाही असं काही दाखव.”

“एकही ठोका जास्त नाही... आई, त्याच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलेलं नाही. सगळे गायकाबद्दलच लिहितात.”

मग मी सांगून टाकलं. लग्नाला येते. पास. हे शेजारी उभे होते, ते खालीच बसले.

“तो काय म्हणाला?” मी विचारलं.

“तीनदा वाचलं. मग उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.”

लाजाळू दिसतो. चांगलंच आहे. येत्या रविवारी त्यांचा बाहेर कार्यक्रम आहे, म्हणून तेवीसला दोघे जेवायला येणार.

१५ मार्च, शनिवार

माझ्या मताला खूप लोकांनी ‘उपयुक्त’ म्हटलंय. खाली लिहितातही. ‘काय टोमणा मारलाय!’ ‘पोट धरून हसलो.’ ‘काकू, तुम्ही नक्की हेच ऐकलंत ना?’ एकाने नुसतंच लिहिलंय — ‘झोपा.’

टोमणा कुठे आहे? मी दोनदा वाचलं, मला सापडला नाही. लोकांना सरळ बोललेलं झेपेनासं झालंय.

१६ मार्च, रविवार

लेकीची खोली उघडली. इस्त्रीचे कपडे हलवले. पलंगाखाली तिची एक चप्पल सापडली, दुसरी नाही. पडदे धुतले. हे दिवसभर शिट्टी वाजवत होते. अल्बममधलीच चाल होती, पण ह्यांनी ती फारच भरभर घेतली. मी टोकलं. मग उरलेला दिवस ह्यांनी हळू शिट्टी वाजवली.

१८ मार्च, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी तिसरा उमेदवार. नवीन गाडी, नवीन मिशी. बसला, पट्टा लावला, आरसा बघितला. सगळं ठीक. किल्ली फिरवली आणि गाडीतला रेडिओ खवळला. कुणीतरी चिमणा पोरगा किंचाळत होता आणि मागून पत्र्याच्या छपरावर गारा पडत होत्या. बंद करा म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द कानावर आले — ‘लिफ्ट बंद आहे, जिना काय वाईट’!

शब्द तेच. चाल तीच. पण माणूस तो नाही! तो दोन मजले चढून जाणारा भारदस्त गृहस्थ कुठे गेला? हा तर जिन्यावरून गडगडत खाली येत होता. आणि ड्रम! विचार नाही, थांबा नाही, नुसता बडव-बडव-बडव.

“मॅडम, सुरू करू?” उमेदवार विचारत होता. मी हो म्हटलं असावं. त्याने आठाचा आकडा काढला. तो कसा काढला ते मला माहीत नाही, मी बघितलंच नाही. आजवर असं झालं नव्हतं. त्याला सांगितलं, पुन्हा काढा. त्याचा चेहरा पडला. दुसऱ्यांदा त्याने दोन शंकू पाडले. बिचाऱ्याला नापास केलं आणि तो पहिल्या वेळी पास झाला असता की काय, हे आता मला जन्मात कळणार नाही.

डबा न खाता कारकुनाकडे गेले. “ते गाणं रेडिओवर कुणी बिघडवलंय का?”

“नाही मॅडम. असंच आहे ते. पहिल्यापासून.”

अर्धी रजा टाकून घरी. सरळ कपाटाकडे. खाकी कव्हर टराटरा फाडलं. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, तिथल्याही टॉवेलवाल्यांच्या पायाशी, ठळक अक्षरांत — ‘या तबकड्या ४५ च्या वेगावर वाजवाव्यात’. आमच्या प्लेअरचा खटका ३३ वर. ह्यांच्या जुन्या तबकड्या सगळ्या ३३ च्या, तो खटका लग्नापासून कुणी हलवलेला नाही.

हे दारात उभे होते. चेहऱ्यावरूनच समजलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या गाण्यालाच कळलं,” हे म्हणाले. “मी न्हाव्याकडे दर महिन्याला ऐकतो ते.”

“मग बोलला का नाहीत?”

“अगं, तू बसून ऐकत होतीस. मध्ये काही बोलली नाहीस, उठली नाहीस. मग रडलीस. मी कशाला खटका हलवू?”

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा घासली. रागाखाली आणखी काहीतरी होतं. पण आधी राग लिहिते.

२० मार्च, गुरुवार

खटका ४५ वर टाकून सगळं पुन्हा ऐकलं. हे शेजारी बसले होते, गुन्हेगारासारखे.

प्रामाणिक मत असं. डोकं उठलं. गायक वेगमर्यादा पाळत नाही. वळणावर इंडिकेटर नाही. ध्रुवपद समोरून अंगावर येतं. ‘पाणी गेलं’ मधला साबण लावलेला माणूस दुःखी वगैरे काही नाही, तो चक्क मजा करतोय. आणि तो जाडजूड आवाजाचा समजूतदार गृहस्थ — ती बाई निघाली. तिशीतली असेल.

मी ज्या अल्बमला पास केलं तो जगात नाहीच. फक्त आमच्या बैठकीच्या खोलीत होता, काही दिवस.

आता प्रश्न असा. परीक्षा चुकीच्या गाडीवर झाली तर नियम स्पष्ट आहे. परीक्षा रद्द. उमेदवाराचा दोष असो वा नसो. मी स्वतः असे शेरे रद्द केलेत, लोक रडलेत, तरी केलेत.

ह्यांना सांगितलं. हे पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. “अगं, परीक्षा तुझी चुकली, त्याची नाही! वर्षभराने पोरगी घरी येतेय. मूग गिळून गप्प बस की एक दिवस!”

मला बसता येत नाही. लेकीने खरं मत मागितलं होतं. खोट्या मतावर तिच्या लग्नात जाऊन पुढच्या रांगेत बसू? जेवू? फोटोत हसू? आणि खरं सांगितलं तर पुढच्या रांगेतच काय, कार्यालयाच्या दारातही उभं राहता येणार नाही.



२२ मार्च, शनिवार

पडद्यांना इस्त्री केली. साइटवरचं मत काढून टाकायला गेले. आता ते काढता येत नाही, इतक्या लोकांना उपयुक्त वाटलंय.

२३ मार्च, रविवार

आले. लेक बारीक झालीय. दारातच गळ्यात पडली आणि दोघींनाही सोडायचं कसं ते सुचेना. शेवटी ह्यांनी “चपला काढा” म्हणून सुटका केली.

तो. फोटोपेक्षा उंच, कपडे पूर्ण. खुर्चीच्या कडेवर बसला, लेखी उत्तर येत नसलेला उमेदवार बसतो तसा. मला वाटलं होतं टेबलावर बोटं बडवत राहील. नाही. हात मांडीवर, घट्ट. जेवताना दोनदा भात वाढला, दोनदा संपवला, “छान झालाय काकू” म्हणाला आणि मान वर केली नाही. ह्यांनी कार्यक्रमांचं विचारलं, प्रवासाचं विचारलं. तो हो-नाहीत उत्तरं देत होता. लेक त्याच्याकडे बघत होती आणि तिला माझ्या चेहऱ्याची भीती वाटत होती. हे मला दिसत होतं. वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं.

जेवण झालं आणि मी सांगितलं. कव्हर, खटका, ३३, ४५, सगळं.

लेक आधी समजलीच नाही. मग जी हसायला लागली! जमिनीवरच बसली. “संयमी! आई, संयमी!” ह्यांनाही आवरेना. मीसुद्धा हसले असेन थोडी. घरात इतका आवाज वर्षभरात झाला नव्हता. मला वाटलं, इथेच थांबावं.

तो हसत नव्हता.

मग मी पुढचं बोलले. तोंडातून गेलंच. “म्हणजे ते मत रद्द. पण मी अन्याय करणार नाही. पुन्हा परीक्षा घेते. इथेच, समोर वाजवून दाखव. ‘पाणी गेलं’ घे. तबकडीवर वाजवलंयस तस्संच. ठोक्याला ठोका.”

ह्यांना वाटलं गंमत चाललीय. स्वयंपाकघरातून दोन पातेली, एक परात आणि लाकडी चमचे घेऊन आले. मांडून दिलं सगळं. त्याने चमचे उचलले. हातात धरले. पातेल्यांकडे बघत राहिला. मला वाटलं सुरू करतोय. मग त्याने चमचे पुन्हा खाली ठेवले, अगदी आवाज न करता.

“आज नको, काकू,” तो म्हणाला. चेहरा पांढराफटक. “मी निघतो.” आणि निघालाच. जिन्यावर त्याच्या पायांचा आवाज ऐकला. लिफ्ट चालू होती.

लेक दारात थांबली. आता हसू नव्हतं. “झालं समाधान? तुला तो पास व्हायलाच नको होता. हळू वाजवला तरी, भरभर वाजवला तरी. पातेल्यांवर परीक्षा घेतेस त्याची? आई, मी आता विचारणार नाही तुला. ये नाहीतर नको येऊस.”

मी म्हणणार होते की तू खरं मत मागितलं होतंस. नाही म्हटलं. दार लागलं.

ह्यांनी परात उचलून आत नेली. रात्री बोलले ते एवढंच, “पडदे छान धुतले होतेस.”

२४ मार्च, सोमवार

चढावर आज सगळ्यांच्या गाड्या मागे गेल्या. फोन केला होता. तिने उचलला नाही.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी मैदानात उमेदवारांच्या रांगेत तो उभा. हातात अर्ज नाही, शिकाऊ परवाना नाही, काही नाही. भांडायला आलाय म्हटलं. बाजूला घेतलं, तर उभ्या उभ्याच बोलला.

“काकू, त्या रेकॉर्डवर मी नाहीये. एकही ठोका माझा नाही. कंपनी म्हणाली माझा हात मागेपुढे होतो, म्हणून सगळं मशीनवर केलं. नाव माझं छापलं. मी फक्त कार्यक्रमात वाजवतो. हिला माहीत नाही. तुमचं मत वाचलं आणि... कालपर्यंत चार वेळा सांगायला निघालो होतो.”

मी विचारलं, “मला का सांगतोस? मला सात जन्मांत कळलं नसतं.”

“तुम्ही पास केलं होतंत ना,” तो म्हणाला. “मी न वाजवलेल्यावर.”

इतकी वर्षं परीक्षा घेतेय. माझ्या नजरेतून सुटलेली चूक आपणहून येऊन सांगणारा उमेदवार आजवर भेटला नव्हता.

त्याला म्हटलं, आधी घरी जा आणि हे सगळं तिला सांग, आजच. ती चिडेल. चिडू दे, थांबून राहा. लग्नाला मी येतेय हे तिला मी सांगते.

अल्बम नापास. मुलगा पास.